ग्रह दिसला नाही, तारा डुलताना सापडला

दूरच्या ताऱ्याभोवती नवा ग्रह सापडल्याची बातमी आली की सोबत एक झकास चित्र असतंच: तांबूस गोळा, त्यावर ढगांचे पट्टे. ते चित्रकाराने कल्पनेने काढलेलं असतं, पण वाचणाऱ्याला वाटतं दुर्बिणीतून काढलेला फोटोच आहे. अशा बहुतेक ग्रहांना प्रत्यक्ष कोणीच पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या शोधातली खरी करामत तीच आहे.

महाश्व तारकासमूहातला ५१ पेगासी हा तारा घ्या. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षं, जातकुळी आपल्या सूर्याची. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोवान्स वेधशाळेतून त्याचा ग्रह शोधला, तोही फक्त ताऱ्यावर नजर ठेवून.

तारा एका जागी आणि ग्रह त्याच्याभोवती, असं आपण शाळेत शिकतो. खरं तर दोघंही सामाईक वस्तुमान-केंद्राभोवती फिरतात. बाप-लेकीच्या फुगडीत लेक गरगर फिरते, पण बापही थोडा झुलतोच. ५१ पेगासी असा झुलताना सेकंदाला सुमारे ५६ मीटर वेगाने कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो. येताना त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित आखडते, जाताना वाढते. हा डॉप्लर परिणाम. किंचित म्हणजे किती, तर एक कोटीत जेमतेम दोन भाग! ताऱ्याचा प्रकाश रंगांमध्ये पसरवला की जो पट्टा मिळतो तो वर्णपट, आणि त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. एकट्या रेषेवरून एवढा फरक पकडणं जवळजवळ अशक्य. पण अशा रेषा हजारो असतात आणि सगळ्या एकाच प्रमाणात सरकतात. 'एलोडी' या वर्णपटमापकाने घेतलेल्या वर्णपटांत त्या सगळ्यांचं मिळून एकच सरकणं काढलं गेलं. शिवाय शेजारच्या प्रकाशतंतूतून थोरियम-अरगॉन दिव्याचा प्रकाश सोडलेला होता. त्याच्या रेषांच्या जागा पक्क्या ठाऊक, त्यामुळे उपकरणच हललं तर लगेच कळे.

रेषांची ही ये-जा दर ४.२३ दिवसांनी होत होती. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षं लागतात. इथे किमान अर्ध्या गुरूएवढा ग्रह ताऱ्याला अगदी खेटून, बुध सूर्याजवळ असतो त्याहूनही कितीतरी जवळ. असे ग्रह असू शकतात हे खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं, पण ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. इतक्या जवळ एवढा ग्रह घडणं अवघड. तो लांब घडला आणि ताऱ्याभोवतीच्या वायूच्या चकतीतून आत सरकत आला असावा, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मेयर आणि केलोझ यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

हा तारा पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांना लागूनच आहे. नक्षत्रांवरून आजही स्थळं नाकारली जातात, पण इथला हा प्रचंड ग्रह कुठल्याही पत्रिकेने सांगितला नाही. तो मोजमापाने सापडला. दिवाळीच्या सुमारास रात्री आठ-नऊला भाद्रपदांचा चौकोन जवळपास डोक्यावर येतो. त्याच्या पश्चिम बाजूच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मध्ये, रेषेच्या जरा बाहेर पाहा. गावाकडच्या काळोखात तारा नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसेल, शहरात द्विनेत्री लागेल.