रेणुचित्रण, संगणकीय

रेणुचित्रण, संगणकीय : रेणूतील अणूंच्या सहनिर्देशकांवरून (अवकाशातील स्थान दाखवणाऱ्या आकड्यांवरून) त्याची त्रिमितीय आकृती पडद्यावर काढण्याची पद्धती. तारचौकट (फक्त बंधांच्या रेषा), गोल-काडी (अणू गोल, बंध काड्या), अवकाशव्यापी, फीत (साखळीचा मार्ग फितीने) आणि पृष्ठ (रेणूचा बाह्य पृष्ठभाग) हे तिचे रूढ प्रकार होत. अवकाशव्यापी प्रकारात प्रत्येक अणू व्हान डर व्हाल्स त्रिज्येचा (बंध नसलेले अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात त्यावरून ठरणाऱ्या त्रिज्येचा) गोल मानतात. बाँडी यांच्या १९६४ च्या तक्त्यानुसार ही त्रिज्या कार्बनसाठी १.७०, ऑक्सिजनसाठी १.५२ व हायड्रोजनसाठी १.२० अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आहे. गोल-काडी प्रकारात गोल मुद्दाम लहान ठेवतात. तसे केले नाही तर काड्या झाकल्या जातात.

रंगसंकेताच्या उगमाबाबत एकमत नाही. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा ही योजना ‘सीपीके’, म्हणजे कोरी, पॉलिंग व कोल्टन यांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. कोरी व पॉलिंग यांनी १९५३ मध्ये अवकाशव्यापी प्रतिकृती वर्णिल्या, तर कोल्टन यांना सुधारित प्रतिकृतींचे पेटंट १९६५ मध्ये मिळाले. मात्र रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात क्रोके या खेळाच्या चेंडूंपासून केलेल्या प्रतिकृती दाखविल्या, त्यांत हेच चार रंग होते आणि क्लोरीन हिरवा होता. त्यामुळे रंगांपुरते श्रेय हॉफमान यांच्याकडे जाते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. क्लोरीनचा हिरवा वायूच्या रंगावरून आला असावा. ऑक्सिजनचा तांबडा ज्वलनावरून आला ही केवळ अटकळ होय. हॉफमान यांच्या प्रतिकृती सपाट होत्या; कार्बनच्या चतुष्फलकीय (चार बंध अवकाशात चार दिशांना) मांडणीची कल्पना व्हान्ट हॉफ व ल बेल यांनी १८७४ मध्ये मांडली. संगणकावर काळ्या पार्श्वभूमीत काळा अणू दिसत नाही, म्हणून रासमोल या रेणुचित्रण सॉफ्टवेअरमध्ये कार्बन करडा दाखवतात. पायमोल हे सॉफ्टवेअर मूळ स्थितीत तो हिरवा दाखवते, आणि नवशिक्यांचा क्लोरीनशी घोटाळा होतो तो इथेच.

पडद्यावर रेणू फिरवून पाहण्याचे आरंभीचे काम लेव्हिन्थल व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेत केले. प्रथिनांत हजारो अणू असल्याने तारचौकट निरुपयोगी ठरते. त्यासाठीची फीत-पद्धती जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये हाताने काढलेल्या चित्रांतून प्रस्थापित केली. लेस्क व हार्डमन यांची संगणकीय आवृत्ती लगेच पुढच्या वर्षी आली. त्यानंतरची सॉफ्टवेअरे (व्हीएमडी, पायमोल, जेमोल, कायमेरा) याच संकेतांवर चालतात.

अणूंमधील बंध बहुधा सहनिर्देशकांच्या फाइलीत नसतात. प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-संरचनांच्या संग्रहाच्या जुन्या स्वरूपाच्या फाइलीत नेहमीच्या अमिनो आम्लांचे फक्त अणू असतात. दोन अणूंमधील अंतर त्यांच्या सहसंयुज त्रिज्यांच्या (बंधात असताना धरायच्या त्रिज्यांच्या) बेरजेइतके, थोडी सूट धरून, भरले की अनेक सॉफ्टवेअरे काडी काढतात. क्ष-किरण पद्धतीने मिळालेल्या बहुतेक संरचनांत हायड्रोजन नसतो. तो नंतर गणिताने बसवतात. तेव्हा पडद्यावरच्या काडीला निरीक्षणाचा दर्जा देऊ नये.

सोलापूर परिसराला जवळची उदाहरणे डाळिंबातली. केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सालीतील प्युनिकॅलॅजिन या टॅनिनचे जलीय विघटन होऊन एलॅजिक आम्ल मिळते. एलॅजिक आम्लाचा रेणू (१४ कार्बन, ६ हायड्रोजन, ८ ऑक्सिजन) सपाट आहे. अवकाशव्यापी चित्र कडेने धरले तर तो सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम जाडीची चकती दिसतो, कारण ती जाडी म्हणजे कार्बनच्या त्रिज्येची दुप्पट. प्युनिकॅलॅजिन (४८ कार्बन, २८ हायड्रोजन, ३० ऑक्सिजन) असे सरळ नाही. पबकेम हा रेणूंच्या माहितीचा संग्रह ५० पेक्षा अधिक हायड्रोजनेतर अणू असलेल्या रेणूंची गणिती त्रिमितीय संरूपणे (अवकाशातील आकार) देत नाही, आणि इथे तसे ७८ अणू आहेत. सपाट सूत्रावरून रेणू उभा करून त्याची ऊर्जा न्यूनतम करावी लागते. सुरुवातीची मांडणी बदलली की आकृतीही वेगळी येऊ शकते, त्यामुळे अशा चित्राखाली वापरलेल्या बलक्षेत्राचे (ऊर्जा मोजण्याच्या सूत्रसंचाचे) नाव देणे इष्ट.

डाळिंबावरील तेल्या रोगाचा जिवाणू झँथोमोनस वंशातला. याच वंशातील, भातावर पडणाऱ्या जिवाणूचे एक प्रथिन डीएनएभोवती मळसूत्रासारखे गुंडाळलेले असल्याचे २०१२ मध्ये स्फटिक-संरचनेवरून दिसले. त्याचे वेढे फीत-चित्रात मोजता येतात; पृष्ठ-चित्रात ते एकमेकांत मिसळतात.