टायरचे ३०, बीपीचे १२०

पंक्चरवाल्याला आपण ‘पुढे तीस टाक’ म्हणतो, डॉक्टर ‘वरचं एकशेवीस’ सांगतात, वादळाच्या बातमीत ९९० हेक्टोपास्कल ऐकू येतात. तिन्ही दाबच. टायरचे ३० पीएसआय बीपीच्या मापात आणले तर पाऱ्याचे सुमारे १५५० मिलिमीटर भरतील! हा घोळ कुणी मुद्दाम घातलेला नाही. ज्याच्या हाती जे साधन होतं, त्यातूनच त्याचं माप निघालं.

सुरुवात झाली इटलीतल्या पाण्याच्या पंपांपासून. शोषून पाणी खेचणारा पंप साधारण १० मीटरच्या वर पाणी चढवेना. सतराव्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने ओळखलं की पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते आणि हवेचा जोर तेवढ्यावर संपतो. पण १० मीटरची काचेची नळी सांभाळणार कोण? पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून ७६ सेंटिमीटरवर काम भागलं. १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलने मेहुण्याला, फ्लोरँ पेरियेला, फ्रान्समधल्या प्युय द दोम डोंगरावर पाठवलं. (स्वतः तो पॅरिसमध्येच राहिला!) माथ्यावर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला.

१८९६ मध्ये इटालियन डॉक्टर रिवा-रोच्चीने दंडाला बांधायचा पट्टा याच पाऱ्याच्या नळीला जोडला आणि मिलिमीटर दवाखान्यात कायमचे मुक्कामाला आले. आजच्या डिजिटल यंत्रात पाऱ्याचा थेंब नसतो, आकडा मात्र पाऱ्याचाच.

पीएसआय म्हणजे चौरस इंचावर किती पौंड. मेट्रिकवाल्यांनी त्याच धर्तीवर चौरस सेंटिमीटरवर किलो मोजले. कारखान्यात अजूनही ‘बॉयलर दहा किलोवर आहे’ असंच म्हणतात. बार हे दाबाचं आणखी एक मेट्रिक माप; एक बार म्हणजे १.०२ किलो, त्यामुळे बोलण्यात बार आणि किलो एकच धरले तरी सहसा खपून जातं.

१९७१ मध्ये चौरस मीटरवरच्या एका न्यूटनला पास्कल हे नाव मिळालं. माप इतकं चिमुकलं की साध्या हवेचा दाबच १,०१,३२५ पास्कल होतो. हवामानवाल्यांना बदल सोपा गेला: एक मिलिबार (बारचा हजारावा भाग) म्हणजे एक हेक्टोपास्कल (शंभर पास्कल), आकडा तोच, फक्त पाटी नवी. डॉक्टरांच्या १२०/८० चे मात्र १६/१०.७ किलोपास्कल झाले असते. युरोपीय संघानेही रक्तदाबासाठी पाऱ्याचं माप कायद्यात ठेवलं, आणि माझ्या मते शहाणपणाच केला.

रूपांतर करताना खरी फसगत गुणाकारात होत नाही, शून्य कुठे धरलं यात होते. बसलेल्या टायरवर गेज शून्य दाखवतो, पण आत बाहेरच्या हवेचा १४.७ पीएसआय असतोच. म्हणजे ३० भरलेल्या टायरमध्ये खरा दाब ४४.७. हवामानाचा आकडा निर्वातापासून मोजलेला, तर बीपीचा टायरसारखाच, बाहेरच्या हवेच्या वरचा. समुद्रसपाटीवर त्या १२० च्या खाली ७६० आधीपासून असतातच.