संरचना मॉडेलांचा समन्वय

संरचना मॉडेलांचा समन्वय : इमारतीचा भार वाहणाऱ्या सांगाड्याचे, म्हणजे पाया, कॉलम, बीम, स्लॅब व शिअर वॉल (आडवे धक्के पेलणारी काँक्रीटची भिंत) यांचे, संगणकीय त्रिमितीय मॉडेल वास्तुविशारदाच्या आणि सेवा-अभियंत्यांच्या (पाणी, सांडपाणी, वीज इत्यादींची आखणी करणाऱ्यांच्या) मॉडेलांशी पडताळून त्यांतील विसंगती बांधकामाआधीच काढून टाकण्याची पद्धत. संगणकापूर्वी हेच काम ट्रेसिंग कागदावरचे नकाशे एकावर एक ठेवून, खालून प्रकाश देऊन केले जाई.

संज्ञेचा उगम : या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल’ (बीआयएम) या संज्ञेच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत तो अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन यांच्यापर्यंत नेते. त्यांनी १९७४-७५ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’ मांडली. प्रत्येक घटकाची नोंद एकदाच करावी आणि प्लॅन, सेक्शन तिच्यातूनच निघावेत, ही कल्पना तीत स्पष्ट आहे. संज्ञा मात्र नाही. रॉबर्ट एश यांच्या १९८६ च्या निबंधात ‘बिल्डिंग मॉडेलिंग’ हा शब्दप्रयोग येतो. पूर्ण संज्ञा व्हॅन नेडरव्हेन आणि टोलमन या डच संशोधकांच्या १९९२ च्या निबंधात आढळते. २००२ नंतर सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे व या विषयावर लिहिणारे जेरी लायसेरिन यांच्या लेखनामुळे ती रूढ झाली. समन्वयाच्या दृष्टीने १९९२ चा निबंध अधिक मोलाचा वाटतो, कारण एकाच इमारतीकडे प्रत्येक शाखा वेगळ्या नजरेने पाहते आणि या नजरा जोडाव्या कशा, हाच त्याचा विषय आहे.

समान आधार : मॉडेले एकत्र आणण्याआधी मूळबिंदू, ग्रिड (कॉलमांच्या आखणीच्या रेषांचे जाळे) आणि पातळ्या ठरवाव्या लागतात. पुढे निघणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याच येथेच पेरल्या जातात. सर्वेक्षणात यूटीएम सहनिर्देशक (पृथ्वीवरील स्थान मीटरमध्ये सांगणारी पद्धत) वापरल्यास उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून मोजले जाते. महाराष्ट्रात ते साधारण १७ ते २४ लाख मीटर भरते. एवढी संख्या एकेरी अचूकतेच्या (३२ बिटांच्या) गणितात साठवली तर तिची बारकाई १२ ते २५ सेंमीपर्यंत घसरते आणि पडद्यावर भिंती थरथरताना दिसतात. म्हणून जागेवरच स्थानिक मूळबिंदू घेऊन त्याचे सर्वेक्षण-बिंदूशी असलेले नाते लिहून ठेवतात.

पातळ्यांचेही तसेच आहे. वास्तुविशारद तयार फरशीची पातळी धरतो, संरचना अभियंता स्लॅबच्या माथ्याची. दोहोंत फरशी व तिच्याखालचा मसाला मिळून ५० ते ७५ मिमी फरक पडतो. जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी चुकते ती बहुधा या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

विश्लेषणाचे मॉडेल आणि प्रत्यक्ष मॉडेल : संरचना अभियंत्याकडे एकाच सांगाड्याची दोन रूपे असतात. विश्लेषणात कॉलम ही केवळ रेषा असते. समजा, कडेचा ६०० मिमीचा कॉलम वरच्या मजल्यांवर ४५० मिमी होतो. बाहेरची बाजू भिंतीशी सपाट राहायला हवी, म्हणून प्रत्यक्षात त्याचा मध्य ७५ मिमी बाहेर सरकतो. विश्लेषणातली रेषा मात्र सरळच ठेवलेली असते. ते मॉडेल जसेच्या तसे समन्वयासाठी दिले, तर कॉलम बाहेरच्या भिंतीपासून ७५ मिमी आत गेलेला दिसतो. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलांची देवाणघेवाण करण्यासाठीच्या आयएफसी या खुल्या स्वरूपातही समन्वयासाठीचे आणि विश्लेषणासाठीचे रूप वेगळे धरलेले आहे. आयएफसीची घडण १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाली. २०१३ मध्ये ती आयएसओ १६७३९ हे पूर्ण आंतरराष्ट्रीय मानक झाली.

क्लॅश आणि त्याच्या मर्यादा : दोन घटक एकाच जागेत आल्यास सॉफ्टवेअर ‘क्लॅश’ दाखवते. वास्तुविशारदाच्या मॉडेलमध्ये त्याचे स्वतःचे कॉलम असतील, तर प्रत्येक कॉलमावर खोटा क्लॅश निघतो आणि खरे त्यांत बुडून जातात. भार वाहणाऱ्या घटकाची मालकी संरचना अभियंत्याकडे ठेवणे, हाच त्यावरचा उपाय.

यादीतले सगळे क्लॅश सारख्या तोलाचे नसतात. ६०० मिमी खोलीच्या बीममध्ये मध्यावर १५० मिमीची स्लीव्ह (पाइप आरपार नेण्यासाठीची नळी) ठेवली, तर तिचा तळ बीमच्या तळापासून २२५ मिमी वर राहतो. सांडपाण्याच्या पाइपला १:६० उतार असेल, तर १२ मीटर पुढच्या तेवढ्याच खोलीच्या बीमपर्यंत तो २०० मिमी उतरतो. तेथे स्लीव्हचा तळ बीमच्या तळापासून अवघा २५ मिमी वर येतो. म्हणजे स्लीव्ह थेट मुख्य सळयांत. सॉफ्टवेअरला दोन्ही बीम सारखेच. आणि मॉडेलमध्ये भोक आधीच पाडलेले असेल, तर ते काहीच दाखवत नाही. भूकंपरोधक रचनेत आयएस १३९२० : २०१६ या भारतीय मानकानुसार कॉलमच्या बाजूपासून बीमच्या परिणामी खोलीच्या (दाबाच्या कडेपासून ताणातील मुख्य सळयांच्या मध्यापर्यंतच्या अंतराच्या) दुप्पट लांबीपर्यंत रिंगा जवळजवळ बांधाव्या लागतात, त्या पट्ट्यातली स्लीव्ह अभियंत्याने स्वतः पाहिल्याशिवाय मान्य होता कामा नये. शून्य क्लॅशचा अहवाल ही सुरक्षिततेची खूण नव्हे, हे येथे ठामपणे नोंदवायला हवे. स्लॅब भरल्यावर उरतो तो कोअर कटिंगचा (घट्ट झालेल्या काँक्रीटला यंत्राने गोल भोक पाडण्याचा) मार्ग, आणि त्यात कापलेली सळई परत जोडता येत नाही.

प्रसार : ब्रिटनने केंद्रीय शासकीय प्रकल्पांसाठी एप्रिल २०१६ पासून बीआयएम आवश्यक केले. तेथील पीएएस ११९२ या बीआयएमविषयक मानकांच्या मालिकेतून पुढे आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानक घडले. त्याचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत वेळ व खर्च यांची जोड दिलेले ‘पाच-डी’ बीआयएम वापरले गेले.