चरित्रप्रेरित कादंबरी

प्रसिद्ध व्यक्तीच्या आयुष्याचा सांगाडा घेऊन, नाव-गाव बदलून लिहिलेली कादंबरी. चरित्रात्मक कादंबरीत नायक खऱ्या नावाने वावरतो आणि लेखकाला ज्ञात घटनाक्रम सांभाळावा लागतो. इथे लेखक मोकळा असतो. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये दरबारी माणसे टोपणनावांनी रंगवली जात. कोणते पात्र म्हणजे कोण, हे उलगडणे ही ‘किल्ली’. त्यावरून ‘रोमां आ क्ले’, म्हणजे किल्लीची कादंबरी, हे नाव पडले.

पण खरी गोडी किल्लीत नाही, लेखकाने केलेल्या बदलांत आहे. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉमची ‘द मून अँड सिक्सपेन्स’ (१९१९) ही कादंबरी पाहा. तिच्यामागे फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ आहे. गोगँ पॅरिसमध्ये शेअरबाजारात काम करताना फावल्या वेळात चित्रे काढायचा. १८८२च्या पडझडीनंतर त्याची ती मिळकत गेली आणि संसार हळूहळू विस्कटला. मॉमचा नायक स्ट्रिकलंड लंडनचा इंग्रज, एका पत्रानिशी बायकोमुलांना सोडून जातो. गोगँची कित्येक वर्षांची घसरण इथे एका फटक्यात आली, म्हणून तो इतका निष्ठुर वाटतो. शेवटी पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर कुष्ठरोगाने आंधळा झालेला स्ट्रिकलंड झोपडीच्या भिंती रंगवतो आणि मृत्यूनंतर ती जाळायला लावतो. गोगँ १९०३ साली त्याच महासागरातल्या मार्केसास बेटांवर वारला. त्याचे सर्वांत मोठे चित्र आज बोस्टनच्या संग्रहालयात शाबूत आहे. ती आग मॉमची आहे, आणि कादंबरीचा गाभाही तिच्यातच आहे.

म्हणून पहिले वाचन चरित्र न उघडता करावे. ओळखीचा प्रसंग आला तर समासात खूण करून पुढे जावे. दर पानाला शोधाशोध केली की कथेची लय तुटते. पुस्तक संपल्यावर एखादे विश्वासार्ह चरित्र घेऊन फक्त खुणा केलेले प्रसंग पडताळावेत. काय गाळले, काय जोडले, काळ कुठे आवळला, हे पाहावे. मग ती प्रकरणे पुन्हा वाचली की लेखकाचा हेतू दिसू लागतो.

सर्वांत जास्त घोटाळा दुय्यम पात्रांबाबत होतो. दोन-तीन खऱ्या माणसांचे मिळून एक पात्र झालेले असते, काही तर निखळ कल्पित असतात. तरी वाचक प्रत्येकाला खरा जोडीदार शोधत बसतो. बंद दाराआडचे संवाद तर जवळजवळ नेहमीच रचलेले असतात. असे वाक्य त्या व्यक्तीच्या तोंडी घालून उद्धृत करणे हा तिच्यावर अन्यायच. ती हयात असेल तर अधिकच.