स्वतःलाच रजिस्टर केलेलं पाकीट आणि कॉपीराइट

‘हस्तलिखित स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठवा, पाकीट फोडू नका, कॉपीराइट पक्का,’ हा सल्ला नवलेखकांना वर्षानुवर्षं मिळतो. पण हक्क पाकिटातून येत नाही. मजकूर कागदावर किंवा फाइलमध्ये उतरला की त्यावरचा कॉपीराइट आपोआप लेखकाचा. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९०८ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी कोणत्याही सोपस्काराची अट नाही. कराराच्या आजच्या मजकुरातलं पाचवं कलम वाचून बघा.

बरं, पुरावा म्हणूनही पाकीट लंगडंच. न चिकटवलेलं पाकीट आज पोस्टात टाकून मजकूर सावकाश नंतर भरता येतो. त्यापेक्षा तारखांसकट जुने खर्डे, संपादकाशी झालेले ईमेल जपा. कॉपीराइटची सरकारी नोंदणी सहसा ऐच्छिक असते, मात्र काही देशांत दावा लावायला ती लागते. तेवढा आपल्याकडचा कायदा तपासा.