घुसवलेले जाहिरातदुवे : शोध व निर्मूलन

संकेतस्थळाच्या मालकाला न कळता त्याच्या पानांत बसवलेले आणि औषधे, जुगार, कर्ज किंवा बनावट वस्तूंच्या विक्रीकडे नेणारे दुवे. वाचकाने त्यांवर क्लिक करावे हा त्यांचा हेतू बहुधा नसतो. शोधयंत्राने ते मोजावेत एवढ्यासाठीच ते असतात, आणि त्यामुळे ते वाचकाच्या नजरेपासून, विशेषतः मालकाच्या नजरेपासून, लपवलेले असतात. मालकाला न दिसणारी गोष्ट शोधायची असल्यामुळे हे काम पान उघडून पाहण्याने होत नाही.

उगम : या प्रकाराची सुरुवात केव्हापासून धरावी, याविषयी दोन मांडण्या संभवतात. सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत पानाकडे येणारे दुवे हे त्याच्या महत्त्वाचे माप ठरले आणि दुव्याला बाजारभाव आला. तेथूनच इतिहास सुरू करणारी पहिली मांडणी अभ्यागतांच्या नोंदवह्यांत व लेखांखालील प्रतिक्रियांत टाकलेले दुवे हे घुसवलेल्या दुव्यांचे आद्यरूप समजते. झोल्टन ग्योंग्यी व हेक्टर गार्सिया-मोलिना यांच्या २००५ मधील वर्गीकरणात अशा दुव्यांची दखल आहे, आणि त्याच वर्षी जानेवारीत गूगल, याहू व एमएसएन यांनी स्वीकारलेली ‘नोफॉलो’ ही खूण (हा दुवा मोजू नये असे शोधयंत्राला सांगणारी) त्यांच्यावरचाच उपाय होता. परंतु नोंदवहीत टाकलेला दुवा उघडपणे दिसतो आणि तो मालकानेच मोकळ्या ठेवलेल्या दारातून आलेला असतो. दुसरी मांडणी लपवण्याच्या तंत्राला महत्त्व देते, आणि ती अधिक ग्राह्य वाटते. हे तंत्र घुसखोरांच्या आधी मालक व थीमकर्ते (संकेतस्थळाच्या रूपाचा तयार साचा, म्हणजे थीम, बनवणारे) यांनीच वापरलेले दिसते. मार्च २००५ मध्ये संकेतस्थळे बनवण्याची प्रणाली असलेल्या खुद्द वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर जाहिरातीसाठी लिहिलेले लेख असून त्यांचे दुवे पडद्याच्या कडेबाहेर हजारो पिक्सेल ढकलून अदृश्य केलेले असल्याचे उघडकीस आले व ते काढण्यात आले. पुढे २००७ मध्ये तळटिपेत प्रायोजित दुवे बाळगणाऱ्या थीम वर्डप्रेसच्या थीमसंग्रहातून वगळल्या गेल्या. घुसखोरांनी या तयार तंत्राला चोरप्रवेशाची जोड दिली. औषधविक्रीच्या दुव्यांचा ‘फार्मा हॅक’ साधारणपणे २००९-१० च्या सुमारास बोलबाल्याचा झाला. ऑगस्ट २०११ मध्ये अनेक थीममध्ये असलेल्या टिमथंब या चित्र लहान-मोठे करणाऱ्या फाइलीतील त्रुटी उघड झाली. तिच्यामुळे बाहेरची फाइल सर्व्हरवर उतरवता येत असे.

२०१७ मधील डिस्प्ले विजेट्स या प्लगइनचे (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्रामचे) उदाहरण याहून बोलके आहे. सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर असलेले हे प्लगइन नव्या मालकाला विकले गेले आणि नंतरच्या अद्ययावत आवृत्त्यांतून जाहिरातीचा मजकूर पानांत येऊ लागला. लॉगिन केलेल्या व्यक्तीला तो दिसत नसे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते वर्डप्रेसच्या संग्रहातून कायमचे काढण्यात आले.

शोध : कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एखाद्या गूळ व्यापाऱ्याला गिऱ्हाईक फोनवर ‘तुमच्या साइटवरून जुगाराचं पान उघडतंय’ असे सांगते आणि व्यापारी पाहतो तर पान स्वच्छ, ही तक्रारीची नेहमीची तऱ्हा होय. अशा वेळी दुवा सर्व्हरवर आहे, वाटेतील जाळ्यात मिसळला जातो की गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमधील एखादे एक्स्टेंशन तो चिकटवते, हे आधी ठरवावे लागते. दुसऱ्या उपकरणावरून व दुसऱ्या जोडणीवरून पान उघडल्यास ब्राउझरचा संशय बव्हंशी मिटतो. पान एचटीटीपीएसवर असेल तर वाटेतील भेसळ जवळजवळ अशक्य असते. मग सर्व्हर उरतो. तेथेही पत्ता थेट टाइप करणाऱ्याला खरे पान आणि शोधयंत्रातून येणाऱ्याला दुसरे, अशी विभागणी ‘एचटीॲक्सेस’ या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलीतील दोन-चार ओळींनी करता येते. शोधयंत्राच्या यंत्रमानवाचे (पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामचे) नाव धारण करून पान मागवल्यास काही दुवे उघडे पडतात. परंतु हुशार घुसखोर आयपी पत्ताही (मागणी कोणत्या जोडणीवरून आली तो क्रमांक) तपासतो, म्हणून गूगल सर्च कन्सोल या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनातील यूआरएल तपासणीचा निकाल अधिक भरवशाचा मानावा.

फाइलींत दुव्याचा पत्ता जसाच्या तसा शोधणे बहुधा व्यर्थ ठरते, कारण तो बेस६४ या, मजकूर वाचता न येणाऱ्या अक्षरांत बदलणाऱ्या, सांकेतिक रूपात असतो. त्या रूपाची उकल करणाऱ्या फंक्शनचे नावही अक्षरे उलट क्रमाने लिहून ठेवतात आणि चालवण्याच्या क्षणी सुलट करतात, त्यामुळे नावाचा शोधही हुकतो; फार्मा हॅकमध्ये असा मजकूर डेटाबेसच्या ‘ऑप्शन्स’ तक्त्यात, एखाद्या निरुपद्रवी भासणाऱ्या नोंदीत आढळत असे. फाइलीच्या बदलाची तारीख खोटी करता येते, म्हणून तारखेपेक्षा मूळ वितरणातील फाइलींशी चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) जुळवून पाहणे श्रेयस्कर होय. चित्रांच्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) सापडणे हे स्वतःच संशयास्पद आहे. ‘मस्ट-यूज’ (आपोआप चालू राहणाऱ्या) प्लगइनांचे फोल्डर आवर्जून पाहावे लागते, कारण त्यातील प्लगइन नेहमीच्या यादीत येत नाहीत.

निर्मूलन : दिसलेली ओळ पुसण्याने काम भागत नाही, चोरवाट (घुसखोराने परत येण्यासाठी ठेवलेला मार्ग) शिल्लक असेल तर दुवे परत येतात. पासवर्ड व गुप्त कळा (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या अक्षरमाला) बदलणे, अनोळखी व्यवस्थापक खाती व ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे काढणे, ही कामे एका बैठकीत व्हावीत. सर्च कन्सोलमध्ये घुसखोराने स्वतःची मालक म्हणून पडताळणी करून घेतली असल्यास ती नोंद व तिच्या पडताळणीची फाइल दोन्ही काढावी लागतात.

कोल्हापूर : शिरोली व गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फौंड्री आणि हुपरीचे चांदी व्यावसायिक यांसारख्यांची संकेतस्थळे पुष्कळदा मालाची ओळख करून देण्यापुरती एकदाच बनवली जातात आणि पुढे त्यांची थीम कोणी अद्ययावत करत नाही. एकाच होस्टिंग खात्यावर अनेक ग्राहकांची स्थळे ठेवली असल्यास एका स्थळाची बाधा शेजारच्यांना होते आणि एकच स्थळ साफ केल्याने ती हटत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा नावाजलेल्या मालाच्या जुन्या संकेतस्थळाकडे बाहेरून आलेले खरे दुवे असतात, आणि घुसखोराला हवी असते ती हीच पत.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ व ६६ अशा घुसखोरीस लागू होतात. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संकेतस्थळात अनधिकृतपणे बाहेरचे दुवे घालणे ही कळवण्याजोगी घटना असून ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते.