‘तुमचं नर्सच बघतील’: प्राथमिक आरोग्य टीममागचा इतिहास

बीपी-शुगर दाखवायला दवाखान्यात जावं आणि ‘तुमचं नर्सच बघतील’ असं ऐकू यावं, की बहुतेकांचा चेहरा पडतो. डॉक्टरांनी कटवलं, ही पहिली शंका. पण पेशंट एकट्या डॉक्टरने नव्हे, चार-सहा जणांनी मिळून सांभाळायचा, या कल्पनेला शंभर वर्षं होऊन गेली आहेत. आणि ती केवळ डॉक्टर कमी पडले म्हणून निघालेली नाही.

ब्रिटनमध्ये १९२० साली बर्ट्रांड डॉसन यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने एक अहवाल दिला. वस्तीजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यापुढे दुय्यम केंद्र आणि सगळ्यात वर वैद्यकीय शिक्षण देणारी मोठी रुग्णालयं, अशा पायऱ्या त्यात मांडल्या होत्या. प्राथमिक म्हणजे किरकोळ नव्हे, पहिली पायरी. आजार बरा करणं आणि तो होऊच न देणं ही कामं एकाच छताखाली व्हावीत, हा त्याचा आग्रह. पैशांअभावी अहवाल बराच काळ कागदावरच राहिला.

ही कल्पना प्रत्यक्षात कशी दिसते, ते १९४० पासून दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला या ग्रामीण भागात कळलं. सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने तिथल्याच माणसांना शिकवून टीममध्ये घेतलं. ही माणसं घरोघर जात, कोण आजारी आहे आणि घरात काय शिजतं याची नोंद ठेवत. अनेक आजारांच्या मुळाशी कुपोषण निघालं, म्हणून केंद्राने लोकांना भाजीपाल्याचे वाफे लावायला लावले. हे काम औषधाच्या चिठ्ठीने झालं नसतं, आणि एकट्या डॉक्टरच्या हातून तर नाहीच. पुढे वर्णभेदी राजवटीत या प्रयोगाचा आधार तुटत गेला. मात्र जॅक गायगर नावाच्या एका अमेरिकी विद्यार्थ्याने तो जवळून पाहिला होता. १९६५ मध्ये अमेरिकेत सामुदायिक आरोग्य केंद्रं सुरू झाली, ती उभारणाऱ्यांमध्ये हा गायगर होता.

दरम्यान केर व्हाइट हे अमेरिकेतले डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक साधा हिशेब मांडला. एका महिन्यात १००० प्रौढांपैकी साधारण ७५० जणांना काही ना काही त्रास होतो, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो एकच. डॉक्टर घडवले जात होते ते मात्र त्या एकाच्या खाटेशेजारी! उरलेल्यांचं काम वेगळ्या धाटणीचं होतं: लक्ष ठेवणं, समजावून सांगणं, पुन्हा बोलावणं.

१९६५ मध्ये अमेरिकेत दोन नवी पदं जन्मली. कोलोराडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी मुलांची तपासणी स्वतंत्रपणे करू शकतील अशा नर्स तयार करायला घेतल्या. ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड यांनी नौदलातल्या माजी वैद्यकीय सहायकांना डॉक्टरांचे सहायक म्हणून शिकवायला सुरुवात केली. इथे डॉक्टरांच्या टंचाईचा हात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये १९६६ च्या करारानंतर फॅमिली डॉक्टरांना नर्स आणि रिसेप्शनिस्टच्या पगाराचा ७० टक्के खर्च सरकारकडून मिळू लागला. त्याआधी फोन घेणं, वेळा लावणं ही कामं कित्येक ठिकाणी डॉक्टरांची पत्नीच बिनपगारी करत असे. टीम तेव्हाही होती म्हणायची, फक्त तिची मोजदाद नव्हती.

१९७८ च्या सप्टेंबरात प्राथमिक आरोग्यावरच्या जागतिक परिषदेसाठी अल्मा-अता (तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं, आजच्या कझाकस्तानातलं शहर) इथे १३४ देश जमले. तिथल्या जाहीरनाम्यात डॉक्टर, नर्स, सुईणी, मदतनीस आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांनी ‘आरोग्य टीम’ म्हणून काम करावं, असं स्पष्ट लिहिलं गेलं.

टीमची अडचण पुढे बार्बरा स्टारफील्ड या अमेरिकी डॉक्टर-संशोधिकेच्या मांडणीतून नेमकी दिसते. चांगल्या प्राथमिक सेवेची चार लक्षणं त्यांनी सांगितली: पहिला संपर्क, सातत्य, सर्वसमावेशकता आणि समन्वय. माणसं वाढली की पहिला संपर्क सोपा होतो, पण सातत्य निसटू लागतं. दर वेळी नवा चेहरा, आणि तीच हकिगत पुन्हा पहिल्यापासून. इंग्लंडमध्ये २०१४ पासून पंच्याहत्तरीपुढच्या पेशंटना, आणि २०१५ पासून सगळ्यांनाच, जबाबदार असा एक डॉक्टर नावानिशी नेमून देण्यात आला, तो याच कारणाने. टीम तशीच ठेवून.